म्हणणं, सांगणं, बोलणं

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. से, टेल, स्पीक, टॉक ही चारही क्रियापदं आमच्याकडे पाठोपाठ आली आणि चौघांपुढे फळ्यावर एकच अर्थ लिहिला गेला : बोलणे. इंग्रजीची भीती आमच्या मनात तिथेच बसली असं मला आजही वाटतं. अर्थ एक आणि शब्द चार, तर कुठला कधी वापरायचा हे मुलांनी ओळखायचं कशावरून?

खरं तर बोरीवलीच्या बाभईतल्या आमच्या घरात आजी हा फरक रोज पाळत होती. ती रामरक्षा म्हणे, आम्हाला गोष्ट सांगे आणि शेजारणीशी बोलत बसे. इंग्रजीतही प्रार्थनेला 'से', गोष्टीला 'टेल' आणि माणसाशी बोलायला 'टॉक' किंवा 'स्पीक'. खोटं तेवढं आपण बोलतो, इंग्रजीत त्याला 'टेल' लागतं. असे अपवाद आहेत, पण वाट बरीचशी तीच आहे. हे मला कुणी तेव्हा दाखवलं नाही. पुढे बोरीवलीतच इंग्रजी शिकवायला लागले, तेव्हा माझं मलाच उमगलं.

सन 2000 पासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. मुलांची भीती कमी झाली, पण वहीत 'आय सेड हिम टू कम' हे वाक्य येतच राहिलं. त्याचं मूळ व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही, ते आपल्या जिन्यात आणि लोकलच्या डब्यात आहे. मुंबईत आपण आता 'मी त्याला यायला बोललो' म्हणतो. शेजारच्या हिंदीतला 'बोला' आपल्या तोंडी बसला आहे. आजीच्या तोंडी 'यायला सांगितलं' होतं, आणि तिथे 'टोल्ड' आपोआप आलं असतं. शहरात भाषा मिसळणारच, त्याबद्दल मी कुणाला हिणवणार नाही. पण सांगणं आणि म्हणणं हे दोन्ही शब्द बोलण्यात बुडाले की मुलाची मराठी तोकडी होते आणि इंग्रजीही अडखळते.

'टेल'चं मूळ कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. जुन्या इंग्रजीत त्याचा एक अर्थ मोजणं असाही होता. म्हणून बँकेत नोटा मोजून देणारा तो 'टेलर', आणि 'ऑल टोल्ड' म्हणजे सगळं धरून, एकूण. आमच्या बोरीवलीच्या आय.सी. कॉलनीतल्या ख्रिस्ती घरांत रोझरीचे मणी ओढत प्रार्थना होते, त्याला इंग्रजीत पूर्वी 'टेलिंग बीड्स' म्हणत. 'बीड' या शब्दाचा मूळ अर्थच प्रार्थना, मण्याचा अर्थ नंतरचा. आता आपल्याकडे पाहा : संस्कृतातल्या 'ख्या' या एकाच धातूपासून 'आख्यान' होतं आणि 'संख्या'ही. एकामागून एक गोष्टी नीट मांडत जाणं, हे मोजणाऱ्याचंही काम आणि सांगणाऱ्याचंही. वर्गात हे सांगितल्यावर 'टेल' पुन्हा शिकवावं लागत नसे.

'गॉसिप'ची कथा मात्र मला टोचते. मुळात तो 'गॉडसिब', म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी देवाच्या साक्षीने जोडलेलं नातं. मग जिवलग स्नेही, मग बाळंतिणीजवळ जमणाऱ्या बायका, आणि शेवटी कुचाळक्या. अडलेल्या बाईच्या उशाशी रात्र काढणाऱ्यांच्या वाट्याला हा अर्थ आला. आपण 'नळावरच्या गप्पा' म्हणतो तेव्हाही तोच अन्याय करतो. पाणी कधी येणार, कुणाच्या घरी आजारपण आहे, कुठली मुलगी शाळा सोडणार आहे, हे आमच्या चाळीत नळावरच कळे आणि मदतही तिथूनच निघे.

एका बाबतीत मात्र मला आपली मराठी निःसंशय थोर वाटते. ज्याच्याबद्दल बोलत होतो तोच दारात उभा राहिला की इंग्रजीत सैतानाचं नाव निघतं. आपण त्याला शंभर वर्षं आयुष्य देतो.

स्टेशनबाहेर स्पोकन इंग्लिशच्या क्लासेसच्या पाट्या वाचत उभ्या राहणाऱ्या आईवडिलांना माझी एक विनंती आहे. क्लास जरूर लावा. पण घरी मुलाला कविता म्हणायला लावा, शाळेत काय झालं ते सांगायला लावा आणि त्याच्याशी रोज थोडा वेळ मराठीत बोला.