राल्फकाका आणि चॅनल ३१

रॅप संगीतातलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमची मजल बाबूजींपासून फार तर रहमानपर्यंत. तरीही गेल्या शनिवारी मी एक हिपहॉपवरची डॉक्युमेंटरी बघत बसलो, ती शेवटपर्यंत बघितली, आणि तेव्हापासून तो माणूस डोक्यातून जात नाहीये. म्हटलं, लिहूनच टाकू.

माणसाचं नाव राल्फ मॅकडॅनियल्स. न्यूयॉर्कमध्ये त्याला 'अंकल राल्फ' म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत राल्फकाका. हिपहॉपच्या जगात टीव्हीवरचा हा एक आद्य सूत्रधार. पण मला धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. हा गडी मुळात इंजिनिअर! डब्ल्यूएनवायसी-टीव्ही, चॅनल ३१, ही न्यूयॉर्क शहराच्या मालकीची वाहिनी. तिथे हा पडद्यामागे यंत्रं सांभाळायचा. तिथूनच १९८३ साली त्यानं 'व्हिडिओ म्युझिक बॉक्स' सुरू केला. जोडीला लायनेल मार्टिन, टोपणनाव 'व्हिड किड'.

आता तुम्ही म्हणाल, एमटीव्ही तर १९८१ सालीच आलं होतं, मग यात विशेष काय? विशेष असं की एमटीव्ही बघायला केबल लागायची, आणि ब्रुकलिन, क्वीन्स, ब्राँक्सच्या बहुतेक घरांत तेव्हा केबल पोचलीच नव्हती. शिवाय सुरुवातीच्या एमटीव्हीवर काळे कलाकार औषधालाच. चॅनल ३१ मात्र साध्या अँटेनावर दिसायचं. पोरं शाळेतून घरी आली, दप्तर फेकलं, अँटेना हलवून हलवून चित्र नीट केलं की समोर त्यांच्याच गल्लीतलं गाणं! एमटीव्हीला 'यो! एमटीव्ही रॅप्स' सुचायला १९८८ साल उजाडलं. म्हणजे राल्फकाका पाच वर्षं पुढे.

बरं, हा नुसता स्टुडिओत बसून व्हिडिओ लावणारा नव्हता. कॅमेरा घेऊन क्लबात, पार्ट्यांत, रस्त्यावर जायचा. स्टेजवरच्या गायकाइतकाच समोरच्या गर्दीवरही कॅमेरा फिरवायचा. मग कोणी आईला हाक मारतंय, कोणी आपल्या मोहल्ल्याचं नाव घेतंय. यालाच 'शाउट-आउट' म्हणतात, आणि टीव्हीवर ही पद्धत रुजवण्याचं श्रेय त्यालाच देतात. हे बघताना मला आकाशवाणीवरची 'आपली आवड' आठवली. गाणं कुठलंही असो, आपलं आणि आपल्या गावाचं नाव रेडिओवर येतंय का याकडे कान लावून बसणारी माणसं मी पाहिलीयेत. नाव उच्चारलं जाणं ही काय चीज आहे, हे ज्याचं नाव कधीच कोणी घेत नाही त्यालाच कळतं.

पुढे काय झालं? 'यो!' आलं, गाजलं आणि १९९५ साली बंदही झालं. न्यूयॉर्क शहरानं चॅनल ३१ विकून टाकलं आणि १९९६ साली जुनी वाहिनी संपली. राल्फकाकाचा कार्यक्रम मात्र घर बदलून पुढे चालू राहिला. त्यानं मधल्या काळात कितीतरी गाण्यांचे व्हिडिओ दिग्दर्शित केले. नॅसचा १९९४ चा 'इट एन्ट हार्ड टू टेल' त्यातलाच. 'हॉट ९७' या रेडिओ स्टेशनवर 'द ब्रिज' हा जुन्या गाण्यांचा कार्यक्रम केला. आणि क्वीन्सच्या सार्वजनिक ग्रंथालयात तो हिपहॉप समन्वयक झाला. ग्रंथालयात असं पद असू शकतं, हे वाचून मी दोन मिनिटं गप्पच बसलो! मी बघितली ती डॉक्युमेंटरी २०२१ ची, आणि दिग्दर्शक कोण? तोच नॅस.

आता माझ्या मनातलं. आमच्या धंद्यात चाळिशी ओलांडली की एक प्रश्न हमखास येतो. "काय रे, अजून कोडच लिहितोस?" विचारणारा वाईट नसतो, त्याला खरंच काळजी वाटत असते. हाताखाली टीम नाही, कार्डावर मोठं पद नाही, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय! शिडी हा एकच नकाशा आम्हाला ठाऊक. त्यावर राल्फकाकाची कारकीर्द काढायला गेलात तर एक आडवी रेघ येईल. त्याच्या कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली पोरं अब्जाधीश झाली, हा तिथेच.

पण एका जागी राहणं हा काही आपोआप सद्गुण होत नाही. नुसता अडकलेला माणूसही एकाच जागी असतो. मी दोन्ही प्रकार जवळून बघितलेत. फरक मला एवढाच दिसतो की, तुम्ही तिथे असल्यामुळे दुसऱ्या कोणाचं काही उभं राहिलं का? राल्फकाकानं टेपा जपल्या, हजारो तासांचं चित्रण. आपल्याकडे दूरदर्शननं टेपांवर टेपा पुन्हा वापरून कितीतरी कार्यक्रम पुसले, बीबीसीनंही तेच केलं. मोठमोठ्या संस्थांना जमलं नाही ते या एका माणसानं केलं. पुढे जाऊन प्रसिद्ध झालेल्यांची विशी त्या टेपांत आहे, आणि कधीच प्रसिद्ध न झालेल्या, आईला हाक मारणाऱ्या शेकडो पोरांचीसुद्धा.

माझं कोड दहा वर्षांनी कोणी उघडून बघेल असं वाटत नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही. पण टीममधल्या दोन नव्या मुलांनी जे केलंय ते वरपर्यंत त्यांच्या नावानिशी पोचतंय का, हे बघणं तर माझ्या हातात आहे. त्याला डायरेक्टर असावं लागत नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये दोन नावं मोठ्यानं घ्यायची, एवढंच.