ध्रुवचं पान

बेंगळुरूत ब्रिगेड रोडजवळच्या 'सिलेक्ट' या पुस्तकांच्या दुकानातून १९९८ साली मी शशी देशपांडे यांची 'द डार्क होल्ड्स नो टेरर्स' आणली. पेंग्विनची जुनी, कडा पिवळ्या पडलेली प्रत. मी बेळगावची. लेखिका धारवाडच्या, नाटककार श्रीरंगांची मुलगी, आई मराठी, मुक्काम बेंगळुरूत. परक्या गावात माहेरचं माणूस भेटावं तसं झालं. १९८० सालची ही कादंबरी तेव्हा मी संसाराची गोष्ट म्हणून वाचली: डॉक्टर सरू, रात्री हिंस्र होणारा नवरा, पंधरा वर्षांनी गाठलेलं बाबांचं घर. वाचून कपाटात ठेवून दिली.

२००६ च्या पावसाळ्यात होसूर रोडवर माझी स्कूटर घसरली. मागे बसलेली मैत्रीण गेली. मला चार टाके पडले.

टाके निघाले आणि मी घरात बसले. आधी होसूर रोड सुटला, मग बस, मग मल्लेश्वरमचा आठवा क्रॉस. शेवटी दुधाची पिशवी घ्यायला कडी काढतानाही तळहात ओले व्हायचे, छातीत धडधडायचं. जाणं टळलं की हायसं वाटे. त्या हायसं वाटण्यावरच भीती पोसते, हे मला पुढे निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेतल्या डॉक्टरांनी समजावलं. या आजाराला 'अ‍ॅगोराफोबिया' हे नाव बर्लिनच्या वेस्टफाल यांनी १८७१ मध्ये दिलं. 'अगोरा' म्हणजे ग्रीकांचा बाजारचौक. मला भाजीबाजार बंद झाला होता, त्यामुळे ते नाव लगेच पटलं.

त्या दिवसांत सरू पुन्हा हाती आली. या खेपेला नवरा मागे पडला आणि ध्रुव समोर आला. ध्रुव म्हणजे सरूचा बुडून गेलेला धाकटा भाऊ. तो गेला आणि ही वाचली, हे आईनं तिला कधी माफ केलं नाही. त्या पानावर मी कितीतरी दुपारी अडून राहिले. मला रस्त्याची भीती नव्हतीच. रस्त्यावर मी जिवंत दिसेन, याची होती. शेवटी शेजारच्या आजारी लेकरासाठी हाक येते आणि सरू उठून जाते. ती बरी झाली, असं लेखिका कुठेही म्हणत नाही. मला या कादंबरीतलं सगळ्यांत खरं वाटतं ते हेच.

डॉक्टरांनी अंतरं ठरवून दिली होती: फाटक, कोपरा, बाजार, बस. बसनं पहिल्यांदा गेले ती जयनगरला, मैत्रिणीच्या आईकडे. पुस्तक पिशवीत होतं. काकूंनी दार उघडलं, माझ्याकडे बघत राहिल्या.

"उन्हाची आलीस गं. जेवलीस का?"

त्या दिवसाचं तिकीट ध्रुवच्या पानात आहे. त्यावरची शाई आता पार उडाली आहे.