जोड्याला उघाडी हवी

सांताक्रूझच्या वेधशाळेने मुंबईत नोंदवलेलं सर्वांत कमी तापमान आहे ७.४ अंश सेल्सिअस. तारीख २२ जानेवारी १९६२. त्या रात्री ठाणे खाडीपलीकडच्या, आज नवी मुंबईत असलेल्या शिरवणे गावातही हुडहुडी भरली असेल, शेकोट्या पेटल्या असतील, घोंगड्या डोक्यावरून ओढल्या गेल्या असतील. पण बुटांची आठवण कुणाला झाली असेल असं वाटत नाही. इथल्या थंडीला पायांपर्यंत उतरायची सवयच नाही. टिकाऊ, उबदार आणि पाणी आत न घेणारा रोजच्या वापराचा जोडा हवा, ही मागणी मात्र शिरवण्यातही दरवर्षी उठते. फक्त ती डिसेंबरात न उठता मृगाच्या आसपास उठते, आणि ‘उबदार’च्या जागी ‘लवकर वाळणारा’ असं म्हटलं जातं.

चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस जिथे पडतो, तिथे पाणी अडवायचं कसं हा प्रश्न चपलांच्या दुकानाच्या कितीतरी आधी शेतात सुटलेला होता. ठाणे खाडीच्या काठावरच्या आगरी-कोळी गावांचं पोट भातशेती, मासेमारी आणि मिठागरांवर चालायचं. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध घालायचा, आणि त्या बांधात एक उघाडी ठेवायची. भरती आली की पाण्याच्या दाबानेच उघाडीचं दार मिटतं; ओहोटी लागली की आत साचलेलं पावसाचं पाणी ते दार ढकलून खाडीला मिळतं. नुसता बांध घातला असता तर खारं पाणी अडलं असतं खरं, पण पीक पावसाच्या गोड्या पाण्यात कुजलं असतं. पुढे १९७० साली सिडको स्थापन झाली, गावांच्या जमिनी घेऊन नवी मुंबई उभी राहिली आणि भरतीच्या पातळीखालच्या नोडांसाठी, म्हणजे तिथल्या वसाहतींसाठी, डच धर्तीचे धारण तलाव बांधले गेले. त्यांनाही भरतीला मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी दारंच आहेत. आजोबांचीच युक्ती, काँक्रीटमध्ये.

जोडा विकत घेणारा नेमका हीच गोष्ट विसरतो. तो फक्त बांध बघतो.

नुसत्या बांधाचा सगळ्यात चोख नमुना म्हणजे गमबूट. या वस्तूचा महाराष्ट्राशी एक आडवळणाचा संबंध आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईजवळ शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून जाण्यासाठी आर्थर वेलस्ली नावाच्या इंग्रज सेनापतीने आपलं सैन्य केळणा नदीच्या उतारातून पार नेलं. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि त्याने लंडनच्या आपल्या चर्मकाराकडून गोंडेवाल्या जुन्या लष्करी बुटाला छाटून जो साधा, पायाला घट्ट बसणारा बूट करून घेतला त्याला त्याचं नाव चिकटलं. तो कातडीचा होता. रबराला टिकाऊ करण्याचं पेटंट अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने १८४४ साली मिळवलं, आणि १८५३ मध्ये हायरम हचिन्सनने फ्रान्समध्ये रबरी बुटांचा कारखाना काढला, तेव्हा शेतकऱ्यांच्या पायात कोरडेपणा आला. गुडइयर मात्र १८६० साली कर्जातच गेला. त्याच्या मुलाचं नाव बुटाच्या वरच्या भागाला सोल शिवण्याच्या एका यंत्राशी जोडलं गेलं. बापाने पाणी अडवलं, मुलाने टिकाऊपणा दिला. ऊब देणारा तिसरा कुणी त्या घरात निघाला नाही.

गमबूट आज मासळी बाजारात दिसतो, नाल्यात उतरणाऱ्या पालिकेच्या कामगाराच्या पायात दिसतो, कंपन्यांच्या धुलाई विभागात दिसतो. तिथे तो हवाच. पण रोजच्या चालण्याला? पाणी घोट्यापर्यंत असेल तोवर तो राजा. गुडघ्यावर आलं की वरून भरतो आणि दोन बादल्या घेऊन चालावं तसं चालावं लागतं. पाऊस नसतानाही तो आतून ओला होतोच, कारण घामाला बाहेर पडायला वाट नसते. आणि भातलावणीला तो साफ निरुपयोगी आहे. आवणातला चिखल बूट धरून ठेवतो आणि पाय तेवढा वर येतो. म्हणून लावणी अजूनही अनवाणीच होते आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्यावर मेंदी लावायची ही घराघरातली रीत.

शिरवण्यातून जुईनगर स्थानकाकडे सकाळी निघणारी पावलं जुलैत पाहिली, तर तिथे उघाडीचं तत्त्व कुणी न शिकवता रुजलेलं दिसतं. ऑफिसचे काळे बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी सॅकमध्ये, आणि पायात फ्लोटर्स किंवा भोकांचे क्रॉक्स, बहुतेकांचे नकली. हा भोकांचा जोडा २००२ साली अमेरिकेत बोटीवर वापरण्यासाठीच विकायला आला होता. पाणी येणारच हे त्याने आधीच कबूल केलेलं असतं. दिसायला तो ओबडधोबड आहे हे खरं, पण पावसात त्याच्याइतका प्रामाणिक जोडा दुसरा नाही. कोल्हापुरी तेवढ्या काळात कागदात गुंडाळून माळ्यावर जाते. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, पण पावसाशी तिचं वैर त्याने मिटलं नाही. वनस्पतीच्या सालींनी कमावलेलं कातडं पाणी पितं, फुगतं आणि मग आकार सोडतं.

या उघड्या जोड्यांची एक बाजू मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले. उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात आलेले जंतू पायावरच्या साध्या खरचटीतून शरीरात शिरतात. म्हणजे वाहत्या पाण्याला भोकांचा जोडा आणि तुंबलेल्या पाण्याला गमबूट. एकाच रस्त्यावर, एकाच सकाळी दोन्ही प्रकारचं पाणी भेटतं ही खरी पंचाईत. पायाला जखम असेल तर दिसण्याची पर्वा न करता बंद बूटच घालावा, आणि अशा पाण्यातून चालून आलं असेल तर डॉक्टरला ते आपणहून सांगावं.

सायन-पनवेल महामार्गाला लागून शिरवण्याचा औद्योगिक भाग आहे. तिथला जोडा तिसराच: सेफ्टी शूज. भारतीय मानक आयएस १५२९८ प्रमाणे त्याच्या पुढच्या टोपीला २०० ज्यूल ऊर्जेचा आघात सोसावा लागतो. दोन मीटर उंचीवरून साधारण दहा किलोचं वजन पडलं तर एवढा आघात होतो. टोपी टिकते. आधी जातो तो सोल. हलक्या पीयू (पॉलियुरेथेन) सोलचा शत्रू झीज नसून दमट हवा आहे. हवेतली आर्द्रता त्या प्लॅस्टिकच्या साखळ्या हळूहळू तोडत राहते, म्हणून महागडा बूट खोक्यात जपून ठेवला की काही वर्षांनी बाहेर काढताच त्याच्या सोलचा भुगा होतो. न वापरल्याने जास्त टिकेल हा मध्यमवर्गीय हिशेब इथे उलटा पडतो. दमट गावात पीयूपेक्षा रबरी सोल बरा, जड असला तरी.

बाकीचं कोपऱ्यावर छत्रीखाली बसलेल्या चर्मकाराला विचारावं. सोल उघडल्यावर तो एकच विचारतो: पेस्टिंग की शिलाई? नुसतं पेस्टिंग पाणी अडवतं, पण फ्रिजच्या मागे बूट वाळवणाऱ्यांच्या घरी गरमीने सुटतं. शिलाई सुटत नाही, पण सुईच्या प्रत्येक भोकातून थेंब आत येतो. जाणता कारागीर आधी चिकटवतो, मग सोलच्या खाचेत शिवतो. बूट वाळवायला जुनं वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवणं पुरतं. आणि एका महाग जोडापेक्षा दोन मध्यम जोड आलटून पालटून घातले, तर दोन्ही अधिक टिकतात, कारण प्रत्येकाला वाळायला पुरा दिवस मिळतो.

खऱ्या बर्फाशी इथल्या माणसाची पहिली गाठ बहुधा मनालीला पडते. सोलंगच्या वाटेवर भाड्याने लोकरी कोट मिळतो आणि सोबत गमबूट, तोच मासळी बाजारातला! नुसत्या रबरात ऊब कसली? थोड्याच वेळात बोटं बधिर होतात आणि दोष हिमालयाच्या माथी जातो. दुसरी गाठ जास्त लांबची असते. शिकायला किंवा नोकरीला टोरांटोकडे निघालेल्या मुलासाठी घरचे इथूनच बूट शोधू लागतात, आणि ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर भाळतात.

तिथे उपयोगी पडणाऱ्या गोष्टी दोन. एक म्हणजे गोअर-टेक्ससारखा पापुद्रा. नॉनस्टिक तव्यावर असतं तेच द्रव्य १९६९ साली रॉबर्ट गोअरने ताणून सच्छिद्र केलं; त्याच्या छिद्रांतून पाण्याचा थेंब आत येत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर जाते. अट अशी की बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी हवी. टोरांटोच्या जानेवारीत ती असते. शिरवण्याच्या जुलैत बाहेरही वाफच, मग आतली जाणार कुठे? हाच महागडा बूट इथल्या पावसात वरून भरला तर पाणी आत कोंडून ठेवतो.

दुसरी युक्ती जुनी आहे. १९१२ साली अमेरिकेतल्या मेन राज्यात एल. एल. बीन नावाच्या दुकानदाराने खाली रबर आणि वर कातडं असा शिकारी बूट विकला. पहिल्या शंभरातले नव्वद परत आले. रबर-कातड्याची शिवण फाटली होती. त्याने पैसे परत केले आणि बूट सुधारला. त्याच घडणीच्या पुढच्या बर्फाच्या बुटांत नमद्याचं जाड अस्तर आलं, आणि त्यातली कामाची खुबी म्हणजे ते काढता येतं. रात्री अस्तर वेगळं करून वाळवायचं, सकाळी परत घालायचं. बाजारात दोन सारख्या बुटांतून निवड करायची वेळ आली तर अस्तर निघणाराच उचलावा. माप एक नंबर मोठं घ्यावं, म्हणजे जाड मोजा मावतो आणि बोटं आवळली जात नाहीत. आवळलेल्या बोटांत रक्त फिरत नाही, मग कुठलंही अस्तर गार पडतं. मोजे सुती नकोत, लोकरीचे हवेत. लोकर वजनाच्या सुमारे तीस टक्के ओल पिऊनही ऊब धरते.

आणि तिथल्या रस्त्यांवर मीठ असतं, खडे मीठ, बर्फ वितळावा म्हणून पेरलेलं. कातड्यावर त्याच्या पांढऱ्या रेघा उमटतात आणि ते भेगाळतं. मिठागरांच्या काठच्या मुलाला हे सांगावं लागू नये, पण सांगावं: घरी आल्यावर ओल्या फडक्यात थोडं व्हिनेगर घेऊन बूट पुसायचे. शिवाय शिक्षणवर्ष सप्टेंबरात सुरू होतं, टोरांटोत जोराचा बर्फ सहसा त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी येतो. तेव्हा बूट तिथल्याच दुकानात, जाड मोजा घालून, चालून बघून घ्यावेत. बॅगेत त्यांची जागा आगरी मसाल्याला आणि सुक्या जवळ्याला मोकळी राहते.