आग्वादचा दिवा, डिचोलीचा खलाशी

डिचोली तालुक्याला समुद्र नाही. तरी आमच्या मामांची नोकरी आग्वाद किल्ल्याच्या नजरेखाली गेली. ते खनिजाच्या बार्जवर खलाशी होते. सारमानसच्या धक्क्यावर माल भरायचा, मांडवी नदीतून खाली उतरायचं आणि मुखाबाहेर वळसा घालून मुरगाव गाठायचं. निवृत्तीनंतर त्यांना किल्ला दाखवायला न्यायचं म्हटलं, तर म्हणाले, "त्यात बघायचं काय? खालून कायम बघितलाय."

तरी नेलंच. जुलैतही गर्दी होतीच. 1612 साली पूर्ण झालेल्या या पोर्तुगीज किल्ल्याच्या आवारात जुन्या दीपस्तंभाचा 1864चा तो बुटका, पांढराशुभ्र मनोरा. लोक लांब उभे राहून तो चिमटीत धरल्यासारखे फोटो काढत होते. याच्यावरची मोठी घंटा 1871 साली पणजीच्या चर्चमध्ये गेली, दिव्याचं काम 1976 साली शेजारच्या नव्या दीपस्तंभाने घेतलं. फोटो मात्र जुन्याचाच. पायाखाली पाण्याचं केवढं तरी टाकं आहे. गोऱ्या दर्यावर्दींची गलबतं त्यातूनच पाणी भरून पुढे जात. तिथे कुणी फारसं रेंगाळत नव्हतं.

मामांनी मनोऱ्याकडे पाठ केली आणि थेट दक्षिणेचा तट गाठला. खाली मांडवीचं मुख, पलीकडे काबोवरचं राजभवन. पाणी लालसर, आणि मध्येच विनाकारण फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ. "तो बघ बार," मामा म्हणाले. पाण्याखालचा वाळूचा बांध तो. पावसाळ्यात तिथे लाटा अशा उसळतात की भरलेली बार्ज नेणं म्हणजे जिवाशी खेळ. मग मांडवीचं तोंड टाळून बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्याने झुवारी नदीत उतरत. वाट लांबची, वळणांची, भरती-ओहोटी सांभाळत जायची. "दिवा रात्री दिसायचा, पण पावसाळ्यात आमच्या कामाचा नाही," असं सांगताना मामा पहिल्यांदाच रंगात आले होते. 2012 साली खाणी थांबल्या, तेव्हा अशा कितीतरी बार्ज धक्क्यालाच गंजत पडल्या.

आमचं बोलणं ऐकत उभ्या असलेल्या पुण्याच्या एका गृहस्थांनी उत्तरेकडे बोट केलं. कांदोळीच्या किनाऱ्यावर म्हणे एक मोठं जहाज रुतलं होतं? होतं तर. 'रिव्हर प्रिन्सेस', खनिज वाहणारंच, जून 2000च्या वादळात वाहत येऊन वाळूत बसलं आणि तिथून हलायला बारा वर्षं लागली. पोरं त्याच्यासमोर क्रिकेट खेळत, पर्यटक त्याचेही फोटो काढत. गृहस्थ म्हणाले, "दोन-दोन दीपस्तंभ शेजारी असताना?"

मामा वैतागले. "अहो, वाहत सुटलेल्या जहाजाला दिवा काय करणार? त्याला वाट ठाऊकच होती. नांगर धरायला हवा होता."