तात्यांचा टेलिफोन

नव्वदच्या दशकात जयसिंगपूर स्टेशनकडून बाजारपेठेत येताना पिवळ्या पाट्यांची रांग लागायची. एसटीडी, आयएसडी, पीसीओ. काचेची एवढीशी खोली, आत स्टूल, फोन आणि लाल आकडे पळवणारं मीटर. रात्री उशिरा दर पाव व्हायचा, म्हणून जेवणं उरकून माणसं तिथल्या बाकड्यावर येऊन बसत. त्या बाकड्यावर अधूनमधून आम्ही दोघंही असायचो, माझे धाकटे चुलते तात्या आणि मी. तात्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. फोन त्यांचा असायचा, बोलायचो मी.

तात्या छापखान्यात कंपोझिटर होते. केसमधून अक्षराचा खिळा उचलायचा, स्टिकमध्ये लावायचा, उलटी अक्षरं सुलटी असल्यासारखी वाचायची, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. फोनवर काय सांगायचं ते प्रूफाच्या पाठकोऱ्या कागदावर घरूनच लिहून आणायचे. एका ओळीत एकच गोष्ट आणि उत्तर हवं असेल तिथे ओळीखाली रेघ. मी ते मोठ्यानं वाचायचो. पलीकडे साताऱ्यात त्यांच्या शाळासोबत्याची बहीण ऐकायची आणि भावाला खुणांनी सांगायची. त्याचं उत्तर ती तोंडी सांगायची, मी ते हातांनी तात्यांपर्यंत पोचवायचो. दोघांचं बोलणं आणि त्याला चार माणसं. तात्यांची एक नजर माझ्या हातांवर असायची, दुसरी मीटरवर. मुठीतल्या पैशांइतका आकडा आला की ते माझ्या खांद्यावर बोट टेकवायचे. बूथवाल्यांनी आम्हाला कधी घाई केली नाही. मागचं गिऱ्हाईक कुरकुरलं तर तेच सांगायचे, "जरा दम धरा, यांना एकेक गोष्ट दोनदा बोलायला लागते."

आमचं गाव राजर्षी शाहू महाराजांनी वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या, नावानं आखून वसवलेलं. रस्ते सरळ आणि गल्ल्यांना नंबर. त्याचा तात्यांना मोठा उपयोग. रिक्षावाल्याला बोटं दाखवली की तो बरोबर गल्लीत आणून सोडायचा. गावात त्यांचं फारसं अडत नसे, सगळे ओळखायचे. अडायचं ते गावाबाहेरच्या माणसाशी बोलायची वेळ आली की.

त्या दिवसांची आठवण गोड आहे, पण ती माझ्यासाठी गोड आहे. तात्यांना काय वाटत असेल हे मला फार पुढे, कळत्या वयात उमगलं. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा काकूही ऐकू न येणाऱ्या. तिकडे काकूंचा भाऊ फोनवर, इकडे मी. साखरपुडा झालेल्या माणसानं होणाऱ्या बायकोला जे सांगावं, ते बारा-तेरा वर्षांच्या पुतण्याच्या तोंडून आणि मेव्हण्याच्या कानांतून कसं जाणार? त्या महिन्यांतले कागद फार कोरडे असायचे. तब्येत बरी आहे. पाऊस चांगला झाला. रविवारी येतो. खरं काय ते आंतर्देशीय पत्रात जायचं. पत्राला चार दिवस लागायचे, पण मध्ये कोणी नसायचं.

याच काळात, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून, अमेरिकेत बहिऱ्या माणसांकडे फोनला जोडायचं टंकयंत्र होतं, हे मी पुढे वाचलं. ग्रॅहम बेलनं 1876 मध्ये टेलिफोन आणला. त्याची आई बहिरी, बायको मेबल बहिरी, तो स्वतः बहिऱ्या मुलांचा शिक्षक. तरी त्याच्या यंत्राचा दरवाजा त्याच्या घरातल्याच माणसांना बंद राहिला. तो उघडला 1964 मध्ये, आणि उघडणाराही बहिराच होता. कॅलिफोर्नियातला भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइटब्रेख्त. दंतवैद्य जेम्स मार्स्टर्स आणि अँड्र्यू सॅक्स हे त्याचे साथीदार, तेही दोघे बहिरे. त्यांनी भंगारात निघालेले अवजड टेलिप्रिंटर घेतले. फोनचा रिसीव्हर एका खोबणीत पालथा ठेवायचा. टाइप केलेल्या अक्षराचे सूर होऊन तारेतून जायचे आणि पलीकडच्या यंत्रावर पुन्हा अक्षर उमटायचं. घंटीऐवजी दिवा उघडझाप करायचा. दोघांनी एकाच वेळी टाइप केलं तर अक्षरांचा गोंधळ व्हायचा, म्हणून आपलं झालं की 'जीए' अशी दोन अक्षरं टाकायची. म्हणजे आता तू बोल.

पुढे तिथे 1990 चा अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला आणि 1993 पासून देशभर मध्यस्थ सेवा आली. बहिऱ्या माणसानं टाइप करायचं, मधल्या ऑपरेटरनं ते वाचून दाखवायचं, उत्तर ऐकून टाइप करायचं. मी बूथमध्ये करायचो तेच काम. फरक एवढाच की तो ऑपरेटर पगारी, अनोळखी आणि ऐकलेलं बाहेर न सांगण्याच्या नियमानं बांधलेला. मी घरातला, आणि आजीनं विचारलं की सगळं सांगून टाकणारा.

ते टंकयंत्र मी आमच्या भागात कधी पाहिलं नाही, कोणाकडे असल्याचं ऐकलंही नाही. आलं असतं तरी तात्यांच्या किती उपयोगी पडलं असतं, शंकाच आहे. त्याच्या पाच बिटांच्या संकेतात इंग्रजी मोठी अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं एवढंच बसायचं. ज्या माणसानं उभा जन्म मराठी खिळे जुळवले, त्याला ते परकंच राहिलं असतं. शिवाय पलीकडेही तसंच यंत्र हवं. आमच्याकडे लिहून धाडायची तातडीची सोय एकच होती, तार. ती मृत्यूची, जन्माची, नोकरीची. गप्पांची नव्हे. 2013 च्या जुलैत तीही बंद झाली. तोवर तात्यांना तिची गरज उरली नव्हती.

कारण मधल्या काळात मोबाइल आला होता. तात्यांनी घेतला तो नोकिया 1100. सदऱ्याच्या वरच्या खिशात, व्हायब्रेटवर, छातीला चिकटून. रोमन अक्षरांत मराठी लिहायला ते पंधरवड्यात शिकले. काकूंना पहिला मेसेज त्यांनी छापखान्यातून पाठवला, तो काय होता हे आजतागायत आम्हाला कोणाला माहीत नाही. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

त्या फोनला विजेरी होती. तेव्हा भारनियमन जोरात होतं. दिवे गेले की ऐकणारी माणसं अंधारातही बोलत राहतात. तात्या-काकूंचं बोलणं मात्र तिथल्या तिथे तुटायचं, कारण हातच दिसायचे नाहीत. आता तो फोन फळीवर आडवा ठेवला की त्याचा झोत नेमका हातांवर पडायचा आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं व्हायचं. त्या कंपनीनं याचा विचारही केला नसेल.

मेसेजचं मोल आमच्यासारख्यांना कळणं कठीण. सणासुदीला एसएमएस पॅक चालत नसत, प्रत्येक मेसेजला पूर्ण पैसे पडायचे. आम्ही म्हणायचो, जाऊ दे, फोन करू. तात्या काय करणार? नको असलेल्या जाहिराती रोखण्यासाठी 2011 च्या सप्टेंबरात ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, दिवसाला 100 मेसेजची मर्यादा घातली, पुढे ती 200 केली. ऐकणाऱ्याला 200 मेसेज म्हणजे चैन. पण ज्याचं सगळं बोलणंच मेसेजमधून चालतं, त्याला दिवसाला मोजून वाक्यं देण्यातला हा प्रकार होता. 2012 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं व्यक्तिगत मेसेजवरची ती मर्यादा उठवली, ते बरंच झालं.

मग 2016 साली जिओ आलं, त्याच वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल आला आणि लिहिण्याचीही गरज संपली. तात्या आता निवृत्त आहेत, खिळ्यांचा छापखाना केव्हाच गेला. रोज संध्याकाळी ते फोन तांब्याला टेकवून उभा करतात, दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून. समोर साताऱ्याचा तोच सोबती. दोघं हसतात, भांडतात, एकमेकांना हात वर करून थांबवतात. मध्ये बहीण नाही, पुतण्या नाही. माझ्या आईला वयोमानानं कमी ऐकू येतं. तिच्यापुढे मी गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब लावून ठेवतो. 2019 मध्ये आलेल्या या सोयीच्या घडणीत दिमित्री कानेव्हस्की या बहिऱ्या संशोधकाचा मोठा वाटा. आमची बोली त्याला नीट झेपत नाही, पण डॉक्टर काय म्हणाले एवढं आई मराठीत वाचू शकते.

तो बाकडा, ती पाव दराची वाट, बूथवाल्यांचं ते "दम धरा", या सगळ्याची मला ओढ लागते. तात्यांचे हात वाचायला मी तिथेच शिकलो. आता घरातल्या पोरांना त्यांच्या चार खुणाही धड येत नाहीत, कारण त्यांची गरजच पडत नाही. हे नुकसान आहे आणि ते आमचं आहे. ते भरून काढायला तात्यांनी पुन्हा पुतण्याच्या तोंडानं बोलावं, असं मात्र मी कधीच म्हणणार नाही.

आज त्यांची अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. बँकेतून 'खातरजमेसाठी' येणारा फोन बोलायचाच असतो. पार्सलवाला दारापर्यंत येतो, फोन करतो आणि "उचलत नाहीत" म्हणून परत जातो. दवाखान्याची वेळ घ्यायची तर फोनवरच. मध्यंतरी एका कार्यालयानं तात्यांचं काम आठवडाभर अडवून धरलं, कारण त्यांना "स्वतः अर्जदाराशी बोलायचं" होतं. अर्जदार समोर खुर्चीवर बसलेला होता.

म्हणून जयसिंगपूर-शिरोळकडच्या दुकानदारांना, डॉक्टरांना, पतसंस्थांना आणि कचेऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे. पाटीवर फोन नंबर लिहिता, त्याच्या शेजारी आणखी एक ओळ लिहा, 'मेसेज केला तरी चालेल.' आणि आलेला मेसेज त्याच दिवशी वाचून उत्तर द्या. याला रंगाऱ्याचे चार पैसे सोडले तर काही खर्च नाही.