सिनेमा पाहून झाल्यावर

महिन्याच्या शेवटच्या रविवारी सायंप्रार्थना आटोपली की आमच्या धर्मगुरुनिवासाच्या व्हरांड्यात सातआठ माणसे जमतात. त्यांचे मंडळ नाही, त्यांना अध्यक्ष नाही, आणि पाळकीय परिषदेच्या इतिवृत्तात त्यांची कोठे नोंदही नाही. एक निवृत्त शिक्षिका, बँकेतील एक कारकून, इस्पितळात परिचारिका असलेली एक भगिनी, महाविद्यालयात शिकणारी दोनतीन मुले, आणि पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात सोनचाफा पोहोचविणारा आमचा एक वाडीवाला. महिनाभरात कोणी कोणता सिनेमा पाहिला यावर ही मंडळी बोलतात, म्हणजे खरे तर भांडतात. आमच्याकडे प्रारंभी केवळ चहाची जबाबदारी होती.

सिनेमावर बोलायचे असते हे आम्हांस फार उशिरा कळले, हे येथे मान्य केलेले बरे. आमच्या सेमिनरीच्या काळात अधूनमधून व्हिडिओ कॅसेट आणून एखादा चांगला सिनेमा दाखविला जाई. तो संपताक्षणी एक वडीलधारे फादर उभे राहत आणि त्यातील बोध सांगत. बोध सांगून झाला की दिवे मालवायचे आणि झोपायचे! पुढे धर्मग्रामात आल्यावर बोध सांगण्याची ती खोड आमच्याही अंगी मुरली. व्हरांड्यातील पहिल्या दोनतीन बैठकांत आम्ही चहा देता देता निकालही देऊन टाकीत होतो. मंडळी आदराने मान डोलवीत आणि विषय तेथेच संपे.

एकदा महाविद्यालयातील एका मुलाने १९९५ सालची ती प्रसिद्ध यादी शोधून आणली. सिनेमाला शंभर वर्षे झाली त्या निमित्ताने व्हॅटिकनने पंचेचाळीस उत्तम चित्रपट निवडले होते: पंधरा धर्मविषयक, पंधरा मूल्यांसाठी आणि पंधरा कलेसाठी. त्याने सारी यादी वाचून दाखविली. 'बेन हर'ला सर्वांनी माना डोलविल्या, 'बायसिकल थीव्ह्ज'ला बाईंनी "वा!" म्हटले. वाडीवाल्याने शांतपणे विचारले, "ह्यात मराठी किती?" एकही नव्हता. यादी घडी होऊन खिशात गेली.

त्याच संध्याकाळी शिक्षिका बाईंनी परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'चा विषय काढला. दादासाहेब फाळक्यांची कथा वाचकांस ठाऊक असेलच. १९१०-११च्या सुमारास त्यांनी मुंबईत प्रभू येशूच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता, आणि फाळक्यांच्या मनश्चक्षूंपुढे श्रीकृष्ण उभा राहत होता. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेविले आहे. मग पत्नी सरस्वतीबाईंनाही तो खेळ त्यांनी दाखविला, आणि अखेर १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. बाईंचे म्हणणे असे की, त्या तंबूत बसलेल्या प्रत्येकाने वेगळाच सिनेमा पाहिला असणार. कारकून म्हणाले, "म्हणजे पडद्यावर काय आहे याला काही किंमतच नाही काय?" वाद रंगला. आम्ही त्या दिवशी प्रथमच निकाल दिला नाही. खरे सांगायचे तर सुचलाच नाही.

'कोर्ट'च्या वेळी आमची चांगलीच फजिती झाली. चैतन्य ताम्हाणे यांच्या या सिनेमात एका लोकशाहिरावर खटला भरला जातो; त्याचे गाणे ऐकून गटारसफाई करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप असतो. कारकुनांना सिनेमा संथ वाटला. मुलांचे मत उलट: न्यायालयाच्या बाकावर ताटकळत बसणे काय असते हे कळायचे तर प्रेक्षकालाही ताटकळायला लावलेच पाहिजे. बाईंना सरकारी वकील बाई आवडली. दिवसभर शाहिराला तुरुंगात ठेवण्यासाठी झगडायचे आणि संध्याकाळी घरी जाऊन इतर चार बायकांसारखा स्वयंपाक करायचा, यात तिला काहीच विसंगत वाटत नाही, हेच भयंकर असे त्या म्हणाल्या. मग परिचारिका भगिनीने ते दृश्य काढले, ज्यात बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून न्यायाधीश एका बाईचे प्रकरण ऐकूनच घेत नाहीत. आम्ही मोठ्याने हसलो. बाकी कोणी हसले नाही. सर्वांची दृष्टी हळूहळू चर्चच्या दाराकडे वळली. तेथे शालीन पोशाखाविषयीचा आमचा फलक आहे, आणि त्यावर तशाच एका झग्यावर लाल फुली मारलेले चित्र होते. फलक अजून तेथेच आहे. चित्र मात्र आम्ही उतरविले.

परंतु ज्या संध्याकाळीसाठी हे लिहावयास घेतले ती 'श्वास'ची. २००४ साली आलेला संदीप सावंत यांचा हा सिनेमा बहुतेकांनी पूर्वी पाहिला होता. त्या महिन्यात सर्वांनी पुन्हा पाहावयाचा ठरविले. कोकणातील एक आजोबा नातवाला घेऊन शहरातील इस्पितळात येतात. पोराच्या डोळ्यांत कर्करोग आहे. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, दृष्टी जाईल. आणि हे त्या पोराला आधी सांगितले पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह. शस्त्रक्रिया लांबणीवर पडते, तेव्हा आजोबा कोणाला न सांगता नातवाला इस्पितळाबाहेर नेतात, त्याला जग दाखवून आणतात.

"हा शुद्ध बेजबाबदारपणा," असे कारकून म्हणाले. परिचारिका भगिनी डॉक्टरांच्या बाजूने. वॉर्डातून रुग्ण नाहीसा झाला की काय धावपळ होते ते तिने असे वर्णन केले की सिनेमातील डॉक्टरांपेक्षा तीच अधिक रागावलेली वाटली. मुले छायाचित्रणाबद्दल बोलत होती. वाडीवाला नेहमीसारखा गप्प होता. चहाचा पेला खाली ठेवून तो म्हणाला, "म्हाताऱ्यानं बरं केलं. पोराला सांगितलं, आणि फिरवूनही आणलं. आम्ही आईला ना सांगितलं, ना कुठे नेलं."

तो आमच्याकडे पाहत नव्हता. पाहण्याची गरजही नव्हती.

चार वर्षांपूर्वी त्याच्या आईसाठी आम्हांस बोलावणे आले होते. दारातच मुलांनी हात जोडले, "फादर, तिला काही कळू देऊ नका." आम्ही कळू दिले नाही. रुग्णाभ्यंगाचे तेल कपाळी लावताना म्हातारीने विचारले, "फादर, इतक्यात तेल कशाला?" आम्ही हसून म्हणालो, "शक्ती येण्यासाठी." तिला बांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेला जायचे होते. जत्रा तोंडावर आली होती. गाडी करून नेले असते तर जमण्यासारखे होते. मुले म्हणाली, पुढच्या वर्षी जाऊ, बरी हो आधी. आणि आम्हीही म्हणालो, "पुढच्या सप्टेंबरात मीच नेतो तुम्हांला." पुढचा सप्टेंबर तिला नाही हे त्या खोलीत तिच्याखेरीज सर्वांना ठाऊक होते. कदाचित तिलाही.

व्हरांड्यात कोणी काही बोलले नाही. मग आम्ही म्हणालो, "तू एकटा नव्हतास. मीही होतो." तो म्हणाला, "ते मला ठाऊक आहे फादर. म्हणून तर इथं बोललो." कारकुनांनी चष्मा पुसला. थोड्या वेळाने त्यांनीच विषय बदलून विचारले की, शेवटी होडीतून गावी परतणाऱ्या त्या पोराच्या चेहऱ्यावर हसू आहे, ते दिग्दर्शकाने उगाच आणले की काय? परिचारिका भगिनी म्हणाली, "नाही. मुलं तशीच असतात." आणि पुन्हा वाद सुरू झाला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी एका घरी आजाऱ्याला भेटावयास गेलो. ओट्यावर दोघे मुलगे उभे होते. थोरल्याने आवाज खाली आणून म्हटले, "फादर, बाबांसमोर आजाराचं काही काढू नका." आम्ही चपला काढता काढता थांबलो आणि त्यांना विचारले, "तुम्ही 'श्वास' पाहिला आहे का?" धाकट्याने पाहिला होता. आम्ही तिघे तेथेच ओट्यावर बसलो. आत जावयास आम्हांस त्या दिवशी बराच उशीर झाला.