लाल शाईची ओळ

२०१८ च्या नोव्हेंबरात आमच्या कंपनीतले एक ज्येष्ठ अभियंते दौऱ्याचा अर्ज घेऊन माझ्या टेबलापाशी आले. वय सत्तावन्न. न्यू जर्सीतल्या एका ग्राहकाकडे पॅकिंगचं मशीन बसवायला जायचं होतं. कमरेच्या मणक्याचा त्यांना जुना त्रास होता, डॉक्टरांची चिठ्ठी अर्जाला टाचलेली होती आणि तिकिटाच्या रकान्यात त्यांनी ‘बिझनेस क्लास’ असं लिहिलं होतं. मी चिठ्ठी वाचली. मग लाल शाईनं खाली एक ओळ लिहिली, ‘इकॉनॉमी. धोरणात बसत नाही.’ धोरण मीच तयार केलं होतं. संचालक मंडळाखेरीज कुणालाही बिझनेस क्लास नाही, हे त्यातलं कलम माझंच.

ती ओळ चुकीची होती. हे कबूल करायला मला साडेचार वर्षं लागली.

मी पुसेगावचा. साताऱ्याचं पुसेगाव सेवागिरी महाराजांमुळे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे पुण्यात गाव सांगितलं की लोक तिकडचंच समजतात. आमचं पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, हळदीच्या पट्ट्यातलं. तिथून मी कॉलेजला हिंगोलीला एसटीनं जात असे, बहुतेक उभ्यानं. पुण्याला पहिल्यांदा आलो तेव्हा रात्रभर दाराजवळ पिशवीवर बसून आलो आणि सकाळी थेट मुलाखतीला गेलो. नोकरी मिळाली. त्या रात्रीचा मला अभिमान होता आणि त्या अभिमानातूनच माझी मोजपट्टी तयार झाली: ज्याला खरंच काम करायचं असतं तो जागेबद्दल कुरकुर करत नाही.

या मोजपट्टीला आधारही भरपूर होते. नामदेवांची नरसी आमच्याच जिल्ह्यातली. नामदेव महाराज पंजाबात घुमानपर्यंत गेले ते काय गाडीत बसून, असं आमच्याकडची म्हातारी माणसं अजून म्हणतात. गांधीजींनी तिसऱ्या वर्गाचा प्रवास १९०२ साली कलकत्त्याहून निघताना ठरवून केला. त्यांना निरोप द्यायला गोपाळ कृष्ण गोखले स्टेशनवर आले. पहिल्या वर्गानं गेला असतात तर आलो नसतो, अशा अर्थाचं काही बोलले आणि सोबत पुऱ्या-मिठाईचा डबा दिला. हा प्रसंग मी नव्या मुलांना सांगत असे. २००९ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारनं काटकसर म्हणून मंत्र्यांना विमानात इकॉनॉमीनं जायला सांगितलं, त्या बातमीचं कात्रण बरीच वर्षं माझ्या खणात होतं.

अर्ज नाकारला त्या संध्याकाळी मी घरी वडिलांना फोन केला. “आबा, आज कंपनीचे सव्वादोन लाख वाचवले.” हळद तेव्हा क्विंटलला सहा-सात हजारांच्या आसपास होती. आबांनी मनातल्या मनात भागाकार केला. “तीस-पस्तीस क्विंटल झाले की रे. दीड एकराचं वर्ष.” माझ्या डोळ्यांसमोर मायचे हळद वेचून पिवळे पडलेले हात आले आणि आपण योग्यच केलं याची खात्री पटली. एका रात्रीच्या झोपेसाठी दीड एकर? त्या वेळी हा प्रश्न मला बिनतोड वाटला होता.

अभियंते गेले. मुंबई ते नेवार्क सोळा तास, मधली सीट. उतरले त्याच दिवशी साइटवर गेले, कारण विश्रांतीचा दिवसही धोरणात नव्हता. नऊ दिवसांत मशीन चालू करून परत आले ते विमानतळावरून व्हीलचेअरवर. पायाला सूज होती. रक्ताची गुठळी आहे की काय म्हणून डॉपलर तपासणी झाली. गुठळी नव्हती, पण मणक्याची नस दबली होती. सव्वा महिना ते अंथरुणावर होते. ऑफिसात मला कुणी काही म्हणालं नाही. मीही स्वतःला म्हणालो, वयच झालं होतं त्यांचं. २०२० मध्ये ते निवृत्त झाले. कोविडचे दिवस होते, त्यामुळे निरोप समारंभही झाला नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीत माझ्यावर तीच वेळ आली. त्याच भागातल्या दुसऱ्या एका ग्राहकाकडे सहा मशीनांचे पैसे अडकले होते आणि करारातली काही कलमं समोर बसून ठरवायची होती. मी अर्थातच इकॉनॉमीचं तिकीट काढलं, आणि स्वतःच्याच धोरणाचा मान राखायचा म्हणून उतरल्या दिवशी दुपारीच बैठक ठेवली. तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांचा होतो आणि धडधाकट होतो.

त्या सोळा तासांबद्दल तक्रार करावी असं काही नव्हतं. जेवण चांगलं होतं, शेजारचे लोक सभ्य होते. फक्त झोप आली नाही. पुढची सीट माझ्या सीटपासून एकतीस-बत्तीस इंचांवर. मान टेकली की गळून पडायची आणि दचकून जाग यायची. विमानाच्या आतली हवा जमिनीसारखी नसते, हे मी नंतर वाचलं. उडताना आतला दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा इतका ठेवतात. कळसूबाई साडेपाच हजार फुटांच्या आत आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच शिखराच्याही वर, कोरड्या हवेत, खुर्चीत बांधल्यासारखं रात्रभर बसायचं आणि उतरल्यावर करार वाचायचा.

बैठक दोन वाजता होती. फेब्रुवारीत तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. माझ्या शरीरात रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि आदल्या सकाळपासून मी जागा होतो. समोरचे लोक ताजेतवाने. वॉरंटीचं कलम आलं. झिजणारे सुटे भाग वॉरंटीतून वगळायचे, हे मी पुण्याहून निघताना वहीत पहिल्या क्रमांकावर लिहून ठेवलं होतं. त्यांनी वाचून दाखवलेल्या मसुद्यात ते वगळलेले नव्हते. मी ऐकलं, मान डोलावली आणि पानावर आद्याक्षरं केली. माझ्या लक्षात आलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, आंघोळ करताना. तोवर मसुदा त्यांच्या वकिलांकडे गेला होता. त्या एका कलमापायी पुढच्या वर्षभरात कंपनीचे अकरा लाख गेले. तिकिटातले सव्वादोन लाख वाचवल्याची नोंद माझ्याच फाइलीत त्याच्या शेजारी आहे.

परत आल्यावर चार दिवस सुट्टी काढून गावाकडे गेलो. हळदीची काढणी सुरू होती. दारात भाड्यानं आणलेला वाफेचा बॉयलर धडधडत होता. माझ्या लहानपणी आमच्याकडे हळद काहिलीत शिजायची. खाली पऱ्हाट्यांचा जाळ, वरून पाणी. तळातली हळद जास्त शिजून पिचायची, वरची कच्ची राहायची आणि कच्ची पॉलिशला फुटायची. बॉयलरचं भाडं ऐकून आबांनी कितीतरी हंगाम तो दारात येऊ दिला नव्हता. मी न्यू जर्सीची सगळी हकिगत सांगितली. अभियंत्यांची पण सांगितली, पहिल्यांदाच. आबा बराच वेळ ढिगाकडे बघत बसले. मग म्हणाले, “म्या काहिलीपायी किती हळद नासवली ते तुला ठाऊक नाही. भाडं दिसत होतं बाबा, नास दिसत नव्हता. अन् त्या माणसाला भेटून आलास का?”

मी भेटलो नव्हतो.

पुण्याला आल्यावर आधी गांधीजींचं ‘सत्याचे प्रयोग’ पुन्हा काढलं. गोखल्यांच्या डब्याचा प्रसंग मी इतक्या वेळा सांगितला होता, पण त्याच भागात जरा पुढे त्यांनी लिहिलेलं मी विसरलो होतो, किंवा मला ते नको होतं. मोठ्या आजारपणानंतर तिसऱ्या वर्गाचा प्रवास आपल्याला जवळजवळ सोडावा लागला, असं ते स्पष्ट सांगतात आणि त्याचं दुःख वाटतं हेही सांगतात. मुख्य म्हणजे तिसरा वर्ग त्यांनी स्वतःसाठी निवडला होता. मी तो दुसऱ्याच्या मणक्यासाठी निवडला. माझ्या काटकसरीतलं खोटेपण तिथं उघडं पडलं. माझा कष्टाचा अभिमान मी लोकांकडून वसूल करत होतो.

बिझनेस क्लास म्हणजे श्रीमंतांचा थाट, ही माझी समजूतही अर्धवट होती. हा वर्ग पहिल्या वर्गापेक्षा वेगळा निघाला तो १९७० च्या दशकाच्या शेवटी, आणि निघाला तो कामासाठी पूर्ण भाडं भरून जाणाऱ्या माणसांकरता, ज्यांना सवलतीच्या तिकिटांच्या गर्दीत धड बसता-झोपता येत नव्हतं. पूर्ण आडवी होणारी सीट ब्रिटिश एअरवेजनं या वर्गात आणली ती २००० साली. त्यावर पुढे चकचकीतपणा चढला हे खरं. मला त्याचं आजही काही वाटत नाही. मला मोल आहे ते पाठ टेकण्याचं.

एक गोष्ट मात्र मी वाढवून सांगणार नाही. पायात गुठळी होण्याचा धोका हा बिझनेस क्लासचा पुरावा म्हणून लोक माझ्यापुढे ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार तासांहून मोठ्या प्रवासानंतर हा धोका साधारण दुप्पट होतो असं आढळलं, पण तरीही तो सहा हजारांत एकाच्या आसपास राहतो. आणि तो येतो हालचाल न करता बसल्यामुळे, मग ती रेल्वे असो, बस असो की महागडी सीट. त्यावर उपाय उठून चार पावलं चालण्याचा आहे. मी मत बदललं ते भीतीनं नाही. झोप हा कामाचाच भाग आहे, हे मला स्वतःच्या सहीनं कळलं.

अभियंत्यांच्या घरी गेलो तो एप्रिलचा रविवार होता. काठी घेऊन दार उघडायला तेच आले. मी आत बसून सरळ सांगितलं, सर, तुमचा अर्ज मी नाकारला ते चूक होतं. त्यांनी पाणी पुढे केलं. मग मी उत्साहानं नवं धोरण सांगू लागलो: महाव्यवस्थापक आणि वरच्या पदांना लांबच्या प्रवासात बिझनेस क्लास. सरकारातही असंच आहे, वेतनस्तर १४ आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांना विमानात हा वर्ग मिळतो.

त्यांनी मला मध्येच थांबवलं. “माझ्यासोबत एक फिटर होता. शेवटच्या रांगेत, टॉयलेटला लागून. उतरलो त्याच दिवशी मी खाली खुर्चीवर बसून सूचना देत होतो आणि तो चौदा फुटांवर चढून बोल्ट आवळत होता. न झोपता. त्याला कुठल्या पदात बसवणार?”

मी निरुत्तर झालो. माझं मत बदललं होतं, पण मोजपट्टी तीच जुनी राहिली होती. आधी कुणालाच द्यायचं नाही म्हणत होतो, आता मोठ्यांना द्यायचं म्हणत होतो. काम कोण करतं हा प्रश्न मी दोन्ही वेळा विचारला नव्हता.

नवं कलम लिहायला तीन महिने गेले. उड्डाण आठ तासांपेक्षा जास्त, रात्रीचं, आणि उतरल्यावर चोवीस तासांत मशीनवर चढायचं किंवा सही करायची असेल, तर आडवं होता येईल अशी सीट. पद कुठलंही असो. बाकी सगळ्यांना इकॉनॉमी आणि पोचल्यावर एक पूर्ण दिवस विश्रांती. समारंभाला, प्रदर्शनाच्या उद्‌घाटनाला जाणाऱ्या संचालकांनाही इकॉनॉमीच. या शेवटच्या ओळीवरून बैठकीत वाद झाला आणि ती गाळली गेली. तिच्यासाठी मी अजून भांडतो आहे. दुसरी एक खंत मला सोडवता आलेली नाही. मोठी सीट जास्त जागा अडवते, त्यामुळे अशा एका प्रवाशामागे विमानाचा धूर इकॉनॉमीच्या जवळजवळ तिप्पट धरतात. हवामान बिघडून पाऊस चुकला की काय होतं ते मी आमच्या शिवारात पाहिलं आहे. म्हणून ज्या बैठका पडद्यावर होऊ शकतात, त्यांचे दौरे मी मुळातूनच नाकारतो. नाही म्हणण्याची माझी सवय आता तिथं उपयोगी पडते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये आमचा एक सव्वीस वर्षांचा फिटर पहिल्यांदा अमेरिकेला निघाला. रात्री अकराला मुंबईच्या विमानतळावरून त्याचा फोन आला. आवाज दबलेला. “सर, तिकिटात काहीतरी गडबड झालीय. मला पुढच्या दारानं जायला सांगतायत. परत करू का?”

“परत करू नकोस,” मी म्हणालो. “तिकीट तुझंच आहे. जेवण झालं की सीट आडवी कर आणि झोप. सकाळी तुला वर चढायचंय.”

तो क्षणभर काही बोलला नाही. मग म्हणाला, “सर, आईला काय सांगू, केवढ्याचं आहे?”

मी त्याला खरा आकडा सांगितला.